मुलांच्या फुटबॉल मॅचला जाताय? रेषेबाहेर उभं राहायची रीत

नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ साली १७ वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले आणि २०२२ मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. तिथे प्रेक्षक वर स्टँडमध्ये आणि मैदान खाली लांब. तुम्ही घसा फोडून ओरडलात तरी तो आवाज बाकीच्यांच्या आवाजात विरून जातो. सेक्टरच्या मैदानावर १० वर्षांखालच्या मुलांची मॅच असते तेव्हा असं होत नाही. तिथे मुलांच्या आणि तुमच्या मध्ये फक्कीची एक रेघ असते, आणि पोराला आईबाबांचा आवाज कितीही गोंगाटात बरोबर ऐकू येतो. बाहेरून टाकलेला शब्द थेट खेळात उतरतो, म्हणून तो कुठला टाकायचा हे आधी ठरवून जावं.

घरून निघण्यापूर्वी

टीम मॅनेजरने ग्रुपवर नियमपत्रक टाकलेलं असतं आणि बहुतेक पालक ते उघडतही नाहीत. त्यातल्या चार गोष्टी तरी बघा: एका बाजूला किती खेळाडू, हाफ किती मिनिटांचा, ऑफसाईड (समोरच्या टीमच्या बचावाच्या पलीकडे, गोलजवळ आधीच जाऊन बॉल घ्यायला बंदी) आहे का, आणि बदललेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो का. लहान गटांत अनेक ठिकाणी ऑफसाईड नसतोच आणि खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. हे माहीत नसलेला बाबा पहिल्या पाच मिनिटांत 'ऑफसाईड, ऑफसाईड' म्हणून हात वर करतो आणि मग त्याच्या पोराला टीममधली पोरं आठवडाभर चिडवतात.

वयाचा पुरावा म्हणून मॅनेजरने जन्मदाखला किंवा आधार मागितलं असेल तर नेमकं जे मागितलंय तेच, मूळ प्रत मागितली असेल तर मूळ प्रतच न्या. मोबाईलमधला फोटो दाखवून रजिस्ट्रेशनच्या टेबलावर हुज्जत घालणं हा दर स्पर्धेतला ठरलेला प्रकार आहे.

दागिन्यांवरून होणारी भांडणंही घरीच मिटवता येतात. फुटबॉलच्या नियमावलीतल्या चौथ्या नियमाप्रमाणे खेळाडूच्या अंगावर कुठलाही दागिना चालत नाही. कानातलं, कडं, अंगठी, गळ्यातली चेन, हातातला रबर बँडसुद्धा काढावा लागतो, आणि वरून टेप गुंडाळून झाकलेलंही चालत नाही. गंडा-दोरा 'काढायचा नसतो' असं घरात असेल तर रेफरीशी वाद घालून उपयोग नाही, कारण त्याच्याकडे सूट द्यायचा अधिकारच नाही. मुलीचे कान टोचायचे असतील तर स्पर्धा संपल्यावर टोचा. शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायच्या पट्ट्या, सक्तीचे असतात आणि मोज्यांनी पूर्ण झाकलेले असावे लागतात.

मॅच सुरू व्हायच्या ४५ मिनिटं आधी मूल मैदानात हवं. त्यातली वीस-पंचवीस मिनिटं वॉर्म-अपला जातात, बाकीची बूट बांधणं, बाथरूम आणि चेकिंगमध्ये. वाशी-नेरूळकडच्या मैदानांशेजारी रविवारी गाडी लावायला जागा शोधण्यात किती वेळ जातो ते तिथल्या लोकांना सांगायला नको. मुलाला गेटपाशी उतरवून द्या आणि मग जागा शोधा. एखाद्या सोसायटीच्या गेटसमोर गाडी लावून आलात तर हाफटाइमच्या आतच नंबर पुकारला जातो.

स्वतःसाठी टोपी, पाणी, घडीचं स्टूल एवढं पुरे. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण पुढे उघडलेल्या एका छत्रीमागे पाच जणांना काही दिसत नाही. दोन गोष्टी मात्र आवर्जून टाळा. एक, आपल्या टीमच्या जर्सीच्या रंगाचा टी-शर्ट घालून रेषेला खेटून उभं राहणं. धावताना मुलं चेहरे बघत नाहीत, डोळ्याच्या कोपऱ्यातून रंग टिपतात, आणि मग पास थेट तुमच्याकडे येतो. दुसरी, शिट्टी. प्रेक्षकाने शिट्टी वाजवली आणि त्याने खेळात व्यत्यय आला असं रेफरीला वाटलं, तर त्याला खेळ थांबवून ड्रॉप बॉलने, म्हणजे स्वतः बॉल जमिनीवर टाकून, पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणजे आपल्याच पोराचा गोलकडे जाणारा बॉल आपण थांबवला. पिपाणीचंही तेच. शिवाय मैदान शाळेला किंवा हॉस्पिटलला लागून असेल तर त्यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा ध्वनिप्रदूषणाच्या नियमांखाली शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. ढोल-ताशाला इतर दिवस पुष्कळ आहेत.

उभं कुठे राहायचं

टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेघेपासून, किमान दोन मीटर मागे. मोठी दोन-अडीच पावलं समजा. ही जागा दोघांसाठी लागते: लाइन्समनला रेषेवरून धावायला, आणि स्लाइड करत बाहेर आलेल्या मुलाला थांबायला. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम काढली. तेव्हापासून तिथल्या मुलांच्या मैदानांवर प्रेक्षकांसाठी मागे दोरी बांधायची पद्धत रुळली आहे. आपल्याकडे आयोजकाने एवढंच केलं तरी निम्मी कटकट मिटते: नायलॉनची दोरी, आठ-दहा बांबू किंवा कोन. खर्च काही नाही. पालक सगळे एका बाजूला आणि दोन्ही बेंच समोरच्या बाजूला ठेवले की पोरांच्या कानात एका वेळी एकाच दिशेने सूचना येतात.

गोलच्या मागे कोणीच उभं राहू नये, गोलकीपरच्या आईनेही नाही. तिथून दिलेली प्रत्येक सूचना कीपरच्या पाठीत येते आणि तो मागे वळून बघतो. शूट मारणाऱ्या मुलाला कीपरमागे हलणारी माणसं दिसतात ते वेगळंच. आणि चुकलेला बॉल तुमच्या चहाच्या ग्लासावर येतो.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच मॅच टर्फवर, म्हणजे भोवती जाळी लावलेल्या कृत्रिम गवताच्या मैदानावर होतात. तिथे प्रेक्षक जाळीबाहेरच. जाळीला टेकून उभं राहू नका, बोटं तर अजिबात अडकवू नका. जोरात आलेला बॉल जाळी फूटभर बाहेर ढकलतो आणि नाकाला लागतो. आत-बाहेर केल्यावर दार लावून घ्या. टर्फवर खाऊ, च्युइंग गम आणि टाचेच्या चपला चालत नाहीत. गम कृत्रिम गवतात बसला की निघत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी टर्फ मैदानापेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून धाकट्या भावंडांना अनवाणी सोडू नका.

उघड्या मैदानावरचा मोठा धोका फुटबॉलचा नसून क्रिकेटचा असतो. एकाच मैदानात चार-चार क्रिकेट मॅच चालू, त्यातली एखादी सीझन बॉलची, म्हणजे कडक चामडी बॉलची. स्टूल मांडताना सगळ्यात जवळची पिच कुठे आहे ते बघा आणि तिच्याकडे पाठ करून बसू नका. तान्हं बाळ घेऊन आलेल्यांनी मैदानाच्या त्या टोकाला जाऊच नये.

मॅचआधी दोन मिनिटं काढून गोलपोस्ट बघून या. उचलून ठेवायचे लोखंडी गोल मागच्या बाजूला वाळूच्या गोण्यांनी दाबलेले किंवा जमिनीत खुंटी ठोकून बांधलेले असले पाहिजेत. नसतील तर आयोजकाला सांगा, आणि गोण्या येईपर्यंत कोणालाही, विशेषतः धाकट्यांना, क्रॉसबारला लोंबकळू देऊ नका. असा गोल पुढे उलटला तर हसण्यावारी न्यायची दुखापत होत नाही. या बाबतीत तुम्ही जरूर आवाज चढवा.

काय बोलायचं

नऊ वर्षांच्या लेफ्ट बॅककडे, म्हणजे डावीकडून बचाव करणाऱ्या मुलाकडे, बॉल आलाय असं समजा. समोरचा फॉरवर्ड चार पावलांवर आहे. सरांनी महिनाभर एकच गोष्ट घोटून घेतलीय: बॉल पायाखाली घे, मान वर कर, मिडफिल्डरला पास दे. मूल बॉल थांबवतं, मान वर करतं. याच क्षणी बाहेरून बाबा ओरडतात, 'उडव! बाहेर काढ!' आई म्हणते, 'पळ, पुढे पळ!' शेजारचे काका, 'शूऽऽट!' मुलाने मैदान बघायला वर केलेली मान आता बाबांकडे वळते. तेवढ्यात फॉरवर्ड येतो, बॉल जातो, गोल होतो. आणि पोराच्या डोक्यात एवढंच राहतं की बॉल पायात आला की घोटाळा होतो. पुढच्या वेळी तो बॉल आला की डोळे मिटून लांब मारतो. बाबा खूश, सरांचा महिना वाया.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला एका वेळी बॉल, एक विरोधी आणि एक सोबती एवढंच सांभाळता येतं. चौथी गोष्ट, म्हणजे तुमची सूचना, आली की पहिल्या तिघांतली एक सुटते. शिवाय सूचना नेहमी उशिरा पोचते: तुम्ही पाहिलं, बोललात, त्याने ऐकलं, तोवर मोकळा सोबती मोकळा राहिलेला नसतो.

यावर सोपा उपाय आहे. तोंडातून निघणाऱ्या शब्दात हुकूम असेल तर तो गिळा. मार, पळ, दे, काढ, थांब, माघारी ये, हे सगळे हुकूम. झालेल्या गोष्टीचं कौतुक असेल तर खुशाल बोला, तेही बॉल बाहेर गेल्यावर किंवा खेळ थांबल्यावर: 'मस्त अडवलास', 'भारी पास', 'परत धावलास ते छान केलंस'. कौतुक नेमकं असावं. नुसतं 'शाब्बास, शाब्बास' चाळीस मिनिटं चालू राहिलं की पोरं ते ऐकणं सोडून देतात. हुकल्यावर बोलायचंच असेल तर 'चल, पुढचा', एवढंच. 'अरे काय केलंस!' हे वाक्य मॅचभर पुरतं, कारण ते मूल पुढचा बॉल मागतच नाही. ज्या पालकांना गप्प राहणं अगदीच जमत नाही त्यांनी तोंडात लिमलेटची गोळी ठेवावी. चेष्टा नाही, चालतं.

समोरच्या टीमच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवा, त्यांच्या कीपरने अवघड बॉल अडवला तर नक्की. मात्र समोरच्या पोराने पेनल्टी बाहेर मारली की टाळ्या नकोत. 'जाड्या', 'बुटक्या', रंगावरून, आडनावावरून, शाळेवरून काहीही नको. मुलगे-मुली एकत्र खेळतात तिथे 'अरे, मुलगी बॉल काढून घेऊन गेली तुझा!' हे वाक्य हमखास येतं. त्यात एका फटक्यात दोन मुलांचा अपमान होतो. ती मुलगी चांगली खेळली म्हणून तिने बॉल काढला, इतकं साधं आहे ते.

'एका गोलला पन्नास रुपये' हा सौदा मोडून टाका. त्या पन्नास रुपयांपायी मोकळ्या सोबत्याला पास जात नाही, अशक्य कोनातून शूट मारला जातो, आणि डिफेन्समध्ये खेळवलं की मूल रुसतं. आजोबांनाही हे सांगून ठेवा, कारण बक्षीस बहुधा तिथूनच जाहीर होतं.

रेफरीच्या बाबतीत

मुलांच्या मॅचला रेफरी म्हणून पुष्कळदा कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी उभी असते, दिवसभरात पाच-सहा मॅच उन्हात काढणारी. चुका होतात. त्या बाहेरून ओरडून दुरुस्त होत नाहीत, कारण पुन्हा खेळ सुरू झाला की आधीचा निर्णय बदलता येत नाही, असा नियमच आहे. आणि ज्यावर पालक तावातावाने उठतात त्यातल्या बऱ्याच वेळा रेफरी बरोबर असतो.

हातावर बॉल लागला म्हणजे हँडबॉल झालाच असं नाही. हात मुद्दाम बॉलकडे नेला, किंवा शरीर अस्वाभाविकरीत्या मोठं दिसेल असा हात पसरला, तर तो गुन्हा. अंगालगत असलेल्या हातावर येऊन आदळला तर बहुधा नाही. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाईड नसतो. स्वतःच्या अर्ध्या मैदानात असलेला खेळाडूही ऑफसाईड नसतो. बॉल पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेल्याशिवाय बाहेर नाही, हवेत असला तरी; तिरकस उभं राहून बघणाऱ्याला तो आधीच गेलेला दिसतो. फाउल होऊनही रेफरी दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवतो, तेव्हा तो झोपलेला नसतो. बॉल आपल्याकडेच आहे म्हणून त्याने फायदा दिलेला असतो, आणि तुम्ही 'फाउल! फाउल!' ओरडून आपल्याच पोरांना थांबवता. वेळ रेफरीच्या घड्याळावर चालते, तुमच्या मोबाईलवर नाही.

प्रेक्षकाला रेफरी कार्ड दाखवू शकत नाही. कार्डं खेळाडूंसाठी आणि २०१९ पासून कोच-मॅनेजर वगैरेंसाठी. पण बाहेरच्या हस्तक्षेपामुळे तो मॅच थांबवू शकतो, आणि बंदही करू शकतो. त्याचा फटका शिव्या देणाऱ्या माणसाला बसत नाही, रडत घरी जाणाऱ्या बावीस पोरांना बसतो.

वयावरून होणारा आरडाओरडा वेगळा सांगायला हवा. 'हा पोरगा चौदाचा वाटतो का? मिशी फुटलीय!' हे आपल्या मैदानांवर नेहमीचं. वय चोरण्याचे प्रकार होतात हे खरं, म्हणून तर वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ या हाडांवरून वय ठरवण्याच्या पद्धतीने तपासणी होते. पण बारा-तेराव्या वर्षी एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांत वीतभर उंचीचा फरक असू शकतो. शंका असेल तर तुमच्या टीम मॅनेजरला शांतपणे सांगा. तक्रार लेखी, स्पर्धेच्या नियमात दिलेल्या वेळेत आणि फी लागत असेल तर ती भरून, मॅनेजरनेच करायची असते. पोराला ऐकू जाईल असं बोट दाखवून 'बोगस' म्हणणं ही तक्रार नव्हे. तो खरंच तेरा वर्षांचा असेल तर काय?

पोर पडलं तर

धावत आत जाऊ नका. रेफरीने हात करून बोलावलं तरच कोच किंवा फर्स्ट एडवाला आत जातो. पालकाची गरज लागली तर ते बोलावतील. बहुतेक वेळा मूल दहा-पंधरा सेकंदांत उठतं, आणि आई रेषेवर रडवेली दिसली तर उठत नाही. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही: पुढे झुकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग चिमटीत धरा. डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळलेलं वाटलं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी पुन्हा आत पाठवायचं नाही, फायनल असली तरी. तिथे कोचने आग्रह केला तर तुम्ही ठाम नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे. नंतर डॉक्टरला दाखवा.

ऑक्टोबरच्या संध्याकाळी किंवा जूनच्या सुरुवातीला गडगडाट ऐकू आला की मॅच थांबते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचा प्रघात आहे. तेवढा वेळ इमारतीत किंवा गाडीत काढा, झाडाखाली नाही. 'एवढं कुठे पडतंय' म्हणून आयोजकाच्या मागे लागू नका.

हाफटाइम

ही पाच-दहा मिनिटं कोचची. बाटली द्यायची तर मॅनेजरकडे द्या. संत्र्याच्या फोडी, केळं, पाणी ठीक; वडापाव मॅच संपल्यावर. दमट हवेत पोरांना घाम फार येतो, त्यामुळे पाणी एकदम ढसाढसा न पिता घोट-घोट, वारंवार.

एखादा पालक सुटला तर

प्रत्येक टीमने आपल्यातलेच दोन पालक आधी ठरवून ठेवावेत, शांत डोक्याचे, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. कोणी भडकला की त्यांनी समोरून न जाता बाजूला जाऊन उभं राहायचं आणि हळू बोलायचं: 'चला साहेब, चहा घेऊन येऊ.' त्याची बाजू चूक की बरोबर यावर त्या वेळी चर्चाच नको. चहाची टपरी मैदानापासून जितकी लांब तितकी चांगली. तेवढ्याने भागलं नाही तर मॅनेजरला सांगा, मॅनेजर आयोजकाला सांगेल, आणि आयोजक त्या गृहस्थाला मैदानाबाहेर जायला सांगेल. समोरच्या टीमचा पालक असेल तर स्वतः त्याच्याशी बोलायला जाऊ नका. त्यांच्याच माणसाला सांगा. दोन्हीकडचे बाप नाकाला नाक लावून उभे राहिले की मॅच कोणी बघत नाही, खेळणारी मुलंही नाही. आणि व्हिडिओ काढणाऱ्याने मोबाईल खाली ठेवावा, कॅमेरा दिसला की माणूस माघार घेत नाही.

फोटो आपल्या मुलाचे काढा. दुसऱ्यांची मुलं असलेले फोटो टीमच्या ग्रुपपुरते, आणि नाव, शाळा, जर्सी नंबर एकत्र लिहून इन्स्टाग्रामवर टाकू नका. कपडे बदलण्याच्या जागेजवळ मोबाईल बाहेर काढायचाच नाही.

मॅच संपल्यावर

आधी मुलांना हात मिळवू द्या: समोरची टीम, रेफरी, दोन्ही कोच. ते होईपर्यंत बॅग घेऊन 'चल लवकर' म्हणून मागे उभं राहू नका. आपल्या बाजूच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं उचला.

गाडीत बसल्या-बसल्या मॅचचं पोस्टमॉर्टम सुरू करू नका. भूक लागलीय का, एवढं विचारा. मूल स्वतःहून बोललं तर ऐका. बोललं नाही तर पामबीच रोडवर खिडकीबाहेर बघू द्या.

'माझ्या मुलाला दहाच मिनिटं खेळवलं' ही तक्रार घेऊन त्याच दिवशी सरांना गाठू नका, आणि ग्रुपवर तर लिहूच नका. एक दिवस जाऊ द्या. मग फोन करून वेळ मागा, मूल बरोबर नको, आणि दुसऱ्या कुठल्या मुलाचं नाव काढू नका. 'तो का खेळतो आणि माझा का नाही' याला कुठलाच कोच सरळ उत्तर देणार नाही. 'याने कशावर काम करावं, कुठल्या जागेवर तुम्ही त्याला बघताय, सरावात घरून काय मदत होईल' याला देईल. त्याने सांगितलेलं लिहून घ्या आणि महिनाभराने त्याच मुद्द्यांवर पुन्हा विचारा.